नेरळ–माथेरान रेल्वे आणि ती उभी करणारी कंपनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरळला कर्जत लोकलमधून उतरलं की शेजारीच दोन फुटी रूळ दिसतात. गाडीत बसायला आलेल्या पर्यटकांना या रुळांबद्दल बरेच प्रश्न पडतात, आणि रोज याच फलाटावरून मुंबईला जाणाऱ्यांनाही पडतात. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम साधारण इतिहासाचा ठेवला आहे, पण कोणताही प्रश्न आधी वाचला तरी चालेल.

ही रेल्वे ब्रिटिशांनीच बांधली ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात आधी दूर करायला हवा. माथेरानची रेल्वे ना सरकारने बांधली, ना लंडनमध्ये भागभांडवल गोळा करणाऱ्या एखाद्या विलायती कंपनीने. मुंबईतल्या एका दाऊदी बोहरा व्यापारी कुटुंबाने ती स्वतःचा पैसा घालून उभी केली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती बांधली आणि त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी भांडवल पुरवलं. सल्लागार अभियंता इंग्रज होता आणि इंजिनं जर्मनीहून आली, हे खरं आहे. पण डोंगरावर गाडी न्यायची हे ठरवणारे आणि त्यासाठी पैसा ओतणारे मुंबईचे होते. आपल्याकडच्या बहुतेक डोंगरी रेल्वेंच्या मुळाशी सरकारी गरज किंवा साहेबांची कंपनी सापडते. माथेरानचं तसं नाही, आणि म्हणूनच तिच्या स्थापनेची कहाणी मला फार मोलाची वाटते.

हे सर आदमजी पीरभॉय कोण?

जन्म १८४६चा. लष्कराला तंबू आणि इतर सामान पुरवण्याच्या धंद्यात त्यांनी मोठं नाव कमावलं. चामड्याचा मोठा कारखानाही त्यांच्याकडे होता. १८९७ मध्ये ते मुंबईचे शेरीफ होते. चर्नी रोडजवळचं सॅनिटोरियम ही त्यांच्या दानाची मुंबईकरांना परिचित असलेली खूण. १९०७ हे साल त्यांच्या आयुष्यात फार मोठं ठरलं. त्याच वर्षी माथेरानची गाडी सुरू झाली, त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, आणि डिसेंबरात कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या पहिल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १९१३ मध्ये त्यांचं निधन झालं.

माथेरानला ते वारंवार येत असत. तिथे पोहोचताना होणारे हाल त्यांनी स्वतः सोसले होते, आणि हे हाल संपावेत म्हणून रेल्वे, इतका सरळ तो विचार होता.

रेल्वे येण्याआधी लोक माथेरानला कसे जात?

पायी, घोड्यावर किंवा पालखीत बसून.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौक गावाच्या बाजूने डोंगर चढून वर गेले. तेव्हापासून माथेरान ‘सापडलं’ असं पुस्तकांत लिहितात. धनगर, ठाकूर आणि कातकरी मंडळींना तो डोंगर अर्थातच आधीपासून ठाऊक होता. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी तिथे थंड हवेचं ठिकाण वसवायला चालना दिली. १८५६ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची लाइन नेरळवरून खोपोलीपर्यंत गेली आणि मुंबईहून पायथ्याशी पोहोचणं काही तासांवर आलं. अवघड राहिली ती फक्त नेरळपासून वरची चढण. म्हातारी माणसं, आजारी माणसं, लहान मुलं आणि पेट्या-वळकट्या घेऊन ती चढायची म्हणजे घोडेवाले, भोई आणि हमाल यांच्यावरच सगळी भिस्त. त्यानंतर निम्मं शतक उलटलं तरी या शेवटच्या टप्प्यावर कोणी तोडगा काढला नव्हता.

बांधकाम कधी झालं? खर्च किती आला?

अब्दुल हुसेन यांनी योजना १९०० च्या सुमाराला आखली, प्रत्यक्ष काम १९०४ मध्ये सुरू झालं आणि २२ मार्च १९०७ रोजी लाइन वाहतुकीला खुली झाली. खर्च सोळा लाख रुपये. मार्ग साधारण एकवीस किलोमीटरचा आहे, म्हणजे त्या काळात किलोमीटरला जवळपास पाऊण लाख. रूळ, पूल आणि इंजिनांइतकाच पैसा डोंगर फोडण्यात आणि भराव घालण्यात जातो, हे घाटात काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

सल्लागार अभियंता कॅलथ्रॉप म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचाच का?

तोच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप १८८० च्या दशकात जीआयपी रेल्वेत नोकरीला होते. हलक्या रेल्वेचा त्यांनी ध्यासच घेतला होता. मोठ्या रेल्वेला परवडणार नाही अशा मुलखात अरुंद रुळांवर स्वस्तात, पण नीट वाहतूक करता येते, असं ते आग्रहाने मांडत. बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंतची लाइन १८९७ मध्ये सुरू झाली, आणि त्यांनी बोलल्याप्रमाणे करून दाखवलं.

त्यांचा मुख्य मुद्दा असा होता की इंजिन असो वा डबा, प्रत्येक आसावर (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर) येणारं वजन सारखं आणि मर्यादित ठेवायचं. बार्शीला ही मर्यादा पाच टनांची होती. वजन असं वाटून दिलं की हलके रूळही पुरतात, आणि रूळ हलके म्हटल्यावर पूल, भराव, खडी या सगळ्यांवरचा खर्च उतरतो. माथेरानलाही सुरुवातीला यार्डाला तीस पौंडांचे, म्हणजे मीटरला जेमतेम पंधरा किलोचे रूळ होते. पुढे ते काढून बेचाळीस पौंडी रूळ घातले.

बार्शी लाइटमधून पंढरपूरची वारी केलेले वयस्कर लोक आजही भेटतात. ती लाइन अडीच फुटी आणि सपाटीवरची होती, माथेरानची दोन फुटी आणि कड्याच्या अंगाने जाणारी. तरी दोन्हींमागचं डोकं एकच, हे महाराष्ट्रात फार कमी जणांना माहीत आहे.

रूळ इतके अरुंद का?

वळणांसाठी. मुंबई–पुणे मार्गावर रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर आहे, माथेरानला ६१० मिलिमीटर. रुळांतलं अंतर जितकं कमी आणि डबे जितके आखूड, तितकं अधिक घट्ट वळण घेता येतं. घट्ट वळण घेता आलं की गाडी डोंगराच्या प्रत्येक घडीत शिरून बाहेर येते, आणि मग मोठे बोगदे आणि उंच पूल बांधावे लागत नाहीत.

रस्त्याने नेरळहून दस्तुरी नाका (माथेरानच्या वेशीवरचा मोटारींचा शेवटचा थांबा) इतका जवळ, मग रेल्वे एकवीस किलोमीटर का फिरते?

या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच या लाइनची खरी करामत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नेरळ समुद्रसपाटीपासून साधारण चाळीस मीटरवर आहे, माथेरान आठशेच्या आसपास. म्हणजे चढायचे झाले सातशे साठ मीटर. लोखंडी चाक लोखंडी रुळावर जेवढं चिकटतं तेवढ्याच जोरावर चढायचं तर चढाला मर्यादा येते. इथे सगळ्यात तीव्र चढ वीसास एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. तुलनेसाठी बोरघाट पाहा: तिथे मोठी गाडी सदतिसास एकचा चढ चढते आणि तरीही मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात. माथेरानच्या संपूर्ण मार्गाची सरासरी काढली तर साधारण अठ्ठावीसास एक येते. इतकी उंची या चढाने गाठायची तर लांबी वाढवण्यावाचून दुसरा उपाय नाही.

नेरळहून निघालेली गाडी आधी मोठ्या लाइनच्या सोबतीने जाते. हरदाळच्या टेकडीपाशी ती तिची साथ सोडून डोंगराकडे वळते. जुम्मापट्टीला रस्ता आणि रूळ भेटतात, थोडे दूर जातात, भेकरा खिंडीजवळ पुन्हा भेटतात. त्यानंतर जरासा सपाट भाग येतो आणि मग माउंट बॅरीची खडी चढण सुरू होते.

इथे अभियंत्यांपुढे दोन वाटा होत्या. पहिली वाट बोरघाटात वापरलेली. तिथे गाडी एका टोकाला नेऊन थांबवत, दिशा उलटवत आणि मग पुढचा टप्पा चढवत. खंडाळ्याजवळचं ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ पर्यंत वापरात होतं. दार्जिलिंगच्या रेल्वेतही असे उलटसुलट टप्पे आहेत. दुसरी वाट म्हणजे भराव घालून घोड्याच्या नालेच्या आकाराचं मोठं वळण बांधायचं आणि गाडी न थांबवता फिरवून आणायची. माथेरानला दुसरी वाट धरली. ती बांधायला महाग, पण रोज चालवायला सोपी आणि सुरक्षित. त्या वळणावरून लाइन उत्तरेकडे दीडेक किलोमीटर जाते आणि बोगद्यातून परत फिरते. वॉटर पाईप स्टेशनच्या वरच्या अंगाला आणखी दोन तीव्र वळणं घेऊन ती माथ्याच्या धारेवर येते, पॅनोरमा पॉइंटच्या बाजूने खोल कापलेल्या खडकातून जाते, आणि अमन लॉज स्टेशन मागे टाकून सिम्पसन टँकच्या दिशेने माथेरानच्या बाजारपेठेत पोहोचते.

खिडकीतून पाहताना काही वेळा तोच कडा डाव्या हाताला दिसतो, थोड्या वेळाने उजव्या हाताला. लहान मुलांना वाटतं गाडी वाट चुकली. त्यांना नेमका हा नकाशा काढून दाखवावा.

बोगदे किती आहेत?

एकच. त्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात, आणि तो किती छोटा आहे ते नावावरूनच कळतं.

वाफेची इंजिनं कशी होती?

चार इंजिनं, जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीत बनलेली. प्रत्येकाला सहा चाकं, आणि सहाही चाकं वाफेच्या जोरावर फिरणारी. पाणी आणि कोळसा इंजिनाच्या अंगावरच, मागे वेगळा टेंडर (कोळसा-पाण्याचा डबा) नाही. त्यामुळे इंजिनाचं सगळं वजन चाकांवर येई आणि चढावर पकड मिळे.

खरी हुशारी होती आसांमध्ये. तीन आस एका चौकटीत पक्के बसवले तर इंजिन ताठ राहतं आणि घट्ट वळणावर चाकांच्या कडा रुळांना घासतात, रूळही झिजतात आणि चाकंही. म्हणून टोकाचे दोन आस क्लाइन-लिंडनर पद्धतीचे केले. या पद्धतीत चाकं एका पोकळ नळीवर बसवलेली असतात. त्या नळीच्या आत खरा फिरणारा आस असतो आणि दोन्ही मध्यभागी एका गोलाकार सांध्याने जोडलेले असतात. आतला आस सरळ राहतो, बाहेरची नळी मात्र वळणाप्रमाणे थोडी तिरकी होते. जोर पूर्ण मिळतो आणि चाकंही वळतात. कागदावर हे सोपं वाटतं, पण चढावर, धुळीत आणि दमट हवेत असले सांधे वर्षानुवर्षं चालू ठेवणं म्हणजे नेरळच्या शेडमधल्या फिटरांचं कसब. कॅलथ्रॉप यांचं नाव पुस्तकात येतं, या फिटरांचं येत नाही. पण पाऊणशे वर्षं ही इंजिनं चालली ती त्यांच्या हातांमुळे.

१९५०च्या दशकात जर्मनीच्याच युंग कंपनीची डिझेल इंजिनं आली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वाफेची नियमित सेवा संपली. नंतरची एनडीएम-६ जातीची डिझेल इंजिनं बंगळुरूला बनलेली आहेत.

उतारावर गाडी आवरायची कशी?

चढण्यापेक्षा उतरणं नेहमीच अवघड. अनेक वर्षं या गाडीच्या डब्यांवर ब्रेकमन असत. ड्रायव्हर शिट्टीने इशारा देई आणि ते हातब्रेक आवळत किंवा सैल करत. पाऊस असो, धुकं असो, डब्याच्या बाहेरच्या अंगाला उभं राहून हे काम करावं लागे. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत ठेवण्याची मर्यादा याच कारणासाठी आहे. अलीकडे डब्यांना एअर ब्रेक आले.

कंपनीचं पुढे काय झालं?

जुन्या कागदपत्रांत या लाइनचा उल्लेख ‘माथेरान स्टीम लाइट ट्रामवे’ असाही सापडतो आणि इंजिनांवर ‘एमएलआर’ (माथेरान लाइट रेल्वे) ही अक्षरं असत. स्वातंत्र्यानंतर खाजगी रेल्वे कंपन्या एकेक करून सरकारकडे आल्या. १९५१ मध्ये जीआयपीसह काही रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली, आणि माथेरानची लाइन तिच्या मुंबई विभागात आली. कॅलथ्रॉप यांचीच बार्शी लाइट १९५४ मध्ये सरकारने विकत घेतली.

कंपनी गेली, पण तिने आखलेला मार्ग तसाच राहिला. आजही गाडी तीच वळणं घेते, तोच चढ चढते. शंभर वर्षांत रूळ, इंजिनं, डबे, रुळांखालचे स्लीपर सगळं बदललं, मूळ आखणी मात्र कोणाला बदलावीशी वाटली नाही. त्या आखणीला याहून मोठी पावती कोणती असेल?

अशी रेल्वे नफ्यात चालत असेल का?

माझं स्पष्ट मत असं की तिकिटांच्या उत्पन्नावर या लाइनचा हिशेब मांडणं चूक आहे. वर्षाचे साधारण चार महिने नेरळ ते अमन लॉज टप्पा बंद, डबे छोटे, वेग कमी, देखभाल मात्र जवळजवळ प्रत्येक वळणावर. डोंगरी रेल्वेचं अर्थकारण सगळीकडेच असं असतं. पण या रेल्वेमुळे माथेरानला मोटारीचा रस्ता गावात घ्यावा लागला नाही, आणि ही बचत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

माथेरानमध्ये मोटारी नाहीत, याचा रेल्वेशी काय संबंध?

खूप जवळचा. गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच येतात. तिथून पुढे पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून रेल्वेच्या शटलने. केंद्र सरकारने २००३ मध्ये माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा थांबावी, ही मागणी रास्तच होती.

म्हणूनच या गाडीला ‘टॉय ट्रेन’ म्हटलेलं मला खटकतं. ‘माथेरानची राणी’ ठीक आहे, त्यात प्रेम आहे. पण खेळणं? वर शाळा आहेत, दुकानं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं आहेत. गाडी बंद पडते तेव्हा त्यांचं येणं-जाणं आणि मालवाहतूक महाग होते, बाजारपेठ ओस पडते. ही त्यांची वाहतूक आहे, सहलीचा खेळ नव्हे.

पावसाळ्यात गाडी बंद का असते?

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज टप्पा बंद ठेवतात. सह्याद्रीच्या या अंगाला पाऊस कोसळतो, दरडी येतात, रुळांखालची खडी आणि भराव वाहून जातो. हा नियम जुना आणि शहाणपणाचा आहे. अमन लॉज ते माथेरान हा वरचा टप्पा माथ्यावरून जात असल्याने तिथे शटल चालवता येतं. हे शटल २०१२ मध्ये सुरू झालं.

मधे गाडी बराच काळ बंद होती. का?

तीन मोठे प्रसंग सांगता येतील. २६ जुलै २००५ च्या पावसाने मुंबई बुडाली, त्याच पावसात या लाइनचंही मोठं नुकसान झालं. दुरुस्ती होऊन गाडी सुरू झाली ती २००७ मध्ये, नेमकी शताब्दीच्या वर्षी. २०१६ च्या मे महिन्यात अमन लॉजजवळ डबे घसरण्याच्या दोन घटना घडल्या आणि गाडी थांबवली गेली. सुरक्षेची कामं करून २०१७ च्या ऑक्टोबरअखेर आधी शटल आणि २६ जानेवारी २०१८ ला पूर्ण सेवा सुरू झाली. मग २०१९ च्या पावसाने पुन्हा मार्ग उद्ध्वस्त केला, त्यात करोनाची भर पडली, आणि नेरळहून गाडी निघायला २२ ऑक्टोबर २०२२ उजाडलं.

प्रत्येक वेळी ‘आता ही लाइन कायमची गेली’ असं बोललं गेलं. प्रत्येक वेळी ट्रॅकवर काम करणाऱ्यांनी डोंगरात पायी सामान नेऊन ती उभी केली. दरीच्या बाजूला संरक्षक कठडे आणि काँक्रीटचे स्लीपर ही त्या कामाची आज दिसणारी चिन्हं.

युनेस्कोच्या यादीत ही रेल्वे आहे का?

मुख्य यादीत नाही. ‘भारतातील पर्वतीय रेल्वे’ या नोंदीत दार्जिलिंग १९९९ मध्ये, निलगिरी २००५ मध्ये आणि कालका–शिमला २००८ मध्ये गेली. माथेरानचं नाव तात्पुरत्या यादीसाठी दिलेलं आहे. दार्जिलिंगही दोन फुटी, कालका–शिमला अडीच फुटी, निलगिरी मीटर गेजची आणि दातेरी रुळाच्या आधाराने चढणारी. माथेरानला दातेरी रूळ नाही, उलटसुलट टप्पा नाही, आणि मूळ भांडवल स्थानिक. या तीन गोष्टींवर तिचा दावा भक्कम आहे असं मला मनापासून वाटतं.

जुनी वाफेची इंजिनं कुठे पाहता येतील?

चारपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे आणि एक इंग्लंडला गेलं. दिल्लीला गेलात तर इंजिनाच्या बाजूला उभं राहून टोकाच्या आसांकडे वाकून पाहा. वर सांगितलेली पोकळ नळीची रचना तिथे नीट समजते. आणि नेरळहून वर जाताना जागा मिळाली तर शेवटच्या डब्यात बसा, म्हणजे नालेच्या वळणावर पुढची सगळी गाडी इंजिनासकट डोळ्यांसमोर येते.